सापडलेल्या चुकांची वही

१४ जून २०२५ची रात्र. ब्रिटनचं एक एफ-३५बी लढाऊ विमान खराब हवामान आणि संपत आलेलं इंधन यामुळे तिरुवनंतपुरम विमानतळावर उतरलं. उतरलं ते उतरलंच. हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड निघाला आणि रडारला हुलकावणी देणारं हे विमान केरळच्या पावसात सगळ्या जगाला दिसेल असं उभं राहिलं. मग ब्रिटनहून इंजिनिअर आले, विमान हँगरमध्ये ओढून नेलं आणि २२ जुलैला ते एकदाचं उडालं. तोवर मीम्सनी धुमाकूळ घातला होता. विमानाला केरळ इतकं आवडलंय की जावंसंच वाटत नाहीये, अशा थाटाची पोस्ट टाकून केरळ पर्यटनानेही हात धुऊन घेतले.

मीही हसले. दोन-तीन मीम्स आमच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांचे हसरे इमोजी आले. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मित्राने मात्र एकच ओळ लिहिली, "याचा बिघाड निदान कळला तरी. बाकीच्यांचे कुठे असतात?"

तेव्हा मी त्यालाच ट्रोल केलं होतं. पण ती ओळ डोक्यातून गेली नाही. हा लेख त्या ओळीचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

इन्स्टावर 'एफ-२२ व्हर्सेस सुखोई-५७ व्हर्सेस जे-२०' असं सर्च करून बघा. डावीकडे एक विमान, उजवीकडे दुसरं, मागे धडधडणारं म्युझिक. वेग, पल्ला, किंमत, रडारवर दिसणारा आकार असे आकडे एकामागून एक येतात आणि शेवटी एकाच्या डोक्यावर मुकुट बसतो. लहानपणी आपण कुस्तीपटूंची ट्रम्प कार्डं खेळायचो, त्यातलाच हा प्रकार. माझ्यावाल्याची उंची जास्त, दे तुझं कार्ड! फेब्रुवारी २०२५मध्ये बंगळुरूच्या एरो इंडियात एफ-३५ आणि सुखोई-५७ ही दोन्ही विमानं एकाच प्रदर्शनात आली, तेव्हा तर कमेंट्समध्येच महायुद्ध पेटलं होतं.

ही तुलना चुकीच्या आकड्यांवर चालली आहे असं मला वाटतं. स्टेल्थ विमानांची तुलना करायचीच तर ती कुणी किती कसून तपासली, चूक सापडल्यावर ती कुठे लिहून ठेवली आणि ते लिहिलेलं कुणाला वाचता येतं, याची करायला हवी. आपल्यासाठी हा नुसता टाइमपासचा विषय उरलेला नाही. भारत स्वतःचं स्टेल्थ विमान बनवायला घेतोय आणि त्याच्या चाचण्या करणारी मुलं-मुली आत्ता आपल्यासोबत कॅन्टीनमध्ये बसलेली असू शकतात.

चौथं मूळ आणि गोटी

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, व्हायवा नाहीये.

रडार रेडिओ लहरी सोडतं आणि वस्तूवर आपटून परत आलेल्या लहरींवरून तिचा पत्ता काढतं. स्टेल्थ विमान अदृश्य वगैरे होत नाही. परत जाणाऱ्या लहरी ते इतक्या क्षीण करतं, की रडारला ते फार उशिरा कळतं. विमान रडारला जेवढं 'मोठं' भासतं, त्या मापाला रडार क्रॉस सेक्शन म्हणतात. इथलं गणित भलतंच निर्दयी आहे. विमान किती अंतरावरून दिसेल, हे या मापाच्या चौथ्या मुळावर ठरतं. माप निम्मं केलं तर दिसण्याचं अंतर जेमतेम १६ टक्क्यांनी घटतं. अंतर निम्मं करायचं तर माप १६ पट कमी करावं लागतं आणि दहावा हिस्सा करायचं तर तब्बल १०,००० पट.

म्हणजे थोडंसं स्टेल्थ करून फारसं काही हाती लागत नाही. करायचं तर सगळंच बदलावं लागतं. क्षेपणास्त्रं पंखांखाली लटकवायची नाहीत, पोटात ठेवायची. शेपटाचे दोन पंख उभे न ठेवता तिरके करायचे. पंखांच्या, शेपटाच्या कडा मोजक्याच दिशांना समांतर ठेवायच्या, म्हणजे लहरी परत फेकल्या गेल्या तरी त्या ठरावीक बाजूंनाच जातील. झाकणांच्या फटी करवतीच्या दातांसारख्या कापायच्या. हवा आत घेणारी नळी अशी वळवायची, की समोरून इंजिनाची पाती दिसू नयेत. त्यावर लहरी शोषणारं आवरण चढवायचं. यातल्या प्रत्येक गोष्टीची किंमत मोजावी लागते. पोटात शस्त्रं ठेवली की ती कमी मावतात. इंधनही आतच ठेवायचं तर पोट सुटतं. आवरण नाजूक असतं, त्याची देखभाल हा वेगळाच ताप.

'एफ-२२ रडारवर गोटीएवढं दिसतं, एफ-३५ गोल्फच्या चेंडूएवढं' ही वाक्यं प्रत्येक रीलमध्ये असतात. उपमा म्हणून ठीक. पण कोणत्या बाजूने दिसतं? समोरून, बगलेतून की मागून? कोणत्या फ्रिक्वेन्सीच्या रडारला? लांब तरंगलांबीच्या जुन्या धाटणीच्या रडारपुढे स्टेल्थ आकाराचा प्रभाव कमी होतो. मार्च १९९९मध्ये सर्बियावर अमेरिकेचं एफ-११७ पाडलं गेलं, ते साठच्या दशकातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्र प्रणालीने. एकच आकडा घेऊन दोन विमानांची तुलना करणं म्हणजे एका विषयाचे मार्क बघून अख्ख्या माणसाबद्दल मत बनवणं.

तीन स्क्रू

स्टेल्थची सुरुवातच मुळात एका दुर्लक्षित कागदापासून झाली. प्योतर उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९६२मध्ये वस्तूंच्या कडांवरून लहरी कशा पसरतात याचं गणित प्रसिद्ध केलं. त्याच्या देशाने ते फारसं मनावर घेतलं नाही. अमेरिकी हवाई दलाने १९७१मध्ये त्याचं भाषांतर करून घेतलं. लॉकहीड कंपनीतल्या डेनिस ओव्हरहोल्सर यांनी ते वाचलं आणि त्यावरून कम्प्युटर प्रोग्राम तयार झाला. त्या काळातल्या कम्प्युटरना वक्र पृष्ठभागाचं गणित झेपत नव्हतं, म्हणून विमान सपाट तुकड्यांचं बनवलं, पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखं. 'हॅव ब्लू' नावाची अशी दोन प्रायोगिक विमानं बनली. १ डिसेंबर १९७७ रोजी पहिलं उडालं. पुढे चाचण्यांदरम्यान दोन्ही कोसळली. तरी त्यांच्यातूनच एफ-११७ जन्माला आलं.

या प्रकल्पाचे प्रमुख बेन रिच यांनी आपल्या 'स्कंक वर्क्स' या पुस्तकात चाचण्यांचे भन्नाट किस्से सांगितलेत. विमानाची प्रतिकृती खांबावर चढवून तिच्यावर रडार रोखायचं, अशी पद्धत होती. पण प्रतिकृती इतकी 'लहान' निघाली, की रडारला तिच्याऐवजी खांबच दिसायला लागला. मग आधी वेगळा खांब बनवावा लागला! म्हणजे ज्याने मोजायचं तेच साधन अपुरं पडलं. दुसरा किस्सा प्रत्यक्ष विमानाचा. एका उड्डाणात ते रडारवर अचानक लख्ख दिसायला लागलं. शोधाशोध केल्यावर कळलं, तीन स्क्रू नीट आवळले नव्हते आणि त्यांची डोकी पृष्ठभागाच्या किंचित वर राहिली होती.

तीन स्क्रू! अख्ख्या विमानाची जादू तिथे संपली. एखाद्या स्टेल्थ विमानाची चकचकीत प्रतिकृती बघितली की मला आता हे स्क्रूच आठवतात. डिझाइन कागदावर कितीही हुशारीचं असो, कारखान्यात स्क्रू आवळणारा हात आणि तो नीट आवळलाय ना हे बघणारा डोळा, दोन्ही तितकेच महत्त्वाचे असतात.

हरलेलं विमान

१९९०मध्ये अमेरिकेने एक झकास गोष्ट केली. नव्या लढाऊ विमानासाठी दोन गटांना खरीखुरी विमानं बनवून उडवायला लावली. नॉर्थ्रॉपच्या गटाचं वायएफ-२३ ऑगस्टमध्ये उडालं, लॉकहीडच्या गटाचं वायएफ-२२ सप्टेंबरमध्ये. प्रत्येकाची दोन विमानं, त्यांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची इंजिनं. वायएफ-२३ जास्त वेगवान आणि जास्त स्टेल्थ होतं, असं अनेक जाणकार आजही मानतात. वायएफ-२२च्या इंजिनाचा झोत वर-खाली वळवता यायचा, त्यामुळे ते हवेत जास्त लवचीक होतं. शिवाय लॉकहीडच्या गटाने त्यातून क्षेपणास्त्रं डागूनही दाखवली. २३ एप्रिल १९९१ला निकाल लागला आणि वायएफ-२२ जिंकलं. वायएफ-२३चे चाहते अजूनही यावर हळहळतात.

मला यात भावतं ते वेगळंच. हरलेलं विमानसुद्धा उडून हरलं. प्रेझेंटेशनच्या स्लाइडवर हरलं नाही.

जिंकलेल्याचे लाड झाले असंही नाही. एप्रिल १९९२मध्ये वायएफ-२२चं एक विमान धावपट्टीवरच आपटलं. वैमानिकाच्या हालचाली आणि विमानाचा प्रतिसाद यांचा ताल चुकला आणि ते वर-खाली हिंदकळत राहिलं. वैमानिक वाचला. त्यातून शिकून विमानाच्या नियंत्रण यंत्रणेत बदल झाले. खरं एफ-२२ उडालं १९९७मध्ये आणि हवाई दलात लढायला सज्ज ठरलं डिसेंबर २००५मध्ये. एवढं सगळं करूनही फेब्रुवारी २००७मध्ये हवाईहून जपानला निघालेल्या एफ-२२ विमानांनी आंतरराष्ट्रीय वार रेषा ओलांडली आणि त्यांचे नेव्हिगेशनचे कम्प्युटर बंद पडले. सोबतच्या इंधनवाहू विमानांच्या मागे-मागे ती कशीबशी परतली. पंधरा-सोळा वर्षांच्या चाचण्यांत नकाशावरची ती एक रेघ कुणाच्या लक्षात आली नव्हती. पुढे २०११मध्ये वैमानिकांना ऑक्सिजन कमी पडल्यासारखं होतंय म्हणून सगळीच्या सगळी एफ-२२ काही महिने जमिनीवर बसवली.

चुकांची जाहीर यादी

आता आपल्या तिरुवनंतपुरमच्या पाहुण्याकडे येऊ. एफ-३५चीही अशीच स्पर्धा झाली होती, बोइंगचं एक्स-३२ विरुद्ध लॉकहीडचं एक्स-३५. २० जुलै २००१ रोजी एक्स-३५ने एकाच उड्डाणात आखूड धावपट्टीवरून झेप घेतली, आवाजाचा वेग ओलांडला आणि सरळ उभं खाली उतरलं. एक्स-३२ला उभं उतरवण्यासाठी त्याचे काही भाग काढून वजन कमी करावं लागलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एक्स-३५ जिंकलं.

पण हवाई दल, नौदल आणि मरीन्स या तिघांना एकाच विमानाच्या तीन आवृत्त्या द्यायच्या, हा हट्ट महागात पडला. २००४च्या सुमारास वजन इतकं वाढलं की डिझाइन पुन्हा तासावं लागलं. विमानवाहू जहाजावर उतरताना दोराला अडकणारा हूक २०११च्या चाचण्यांत आठपैकी आठही वेळा अडकला नाही. स्टेल्थसाठी हा हूक पोटात झाकून ठेवलेला असतो आणि चाकांपासून त्याचं अंतर कमी पडत होतं. चाकाखाली दबलेला दोर वर यायच्या आत हूक पुढे निघून जायचा. हूकचं टोक नव्याने बनवलं आणि नोव्हेंबर २०१४मध्ये एफ-३५सी 'निमिट्झ' जहाजावर व्यवस्थित उतरलं. फ्लोरिडातल्या हवामान प्रयोगशाळेत एका एफ-३५बीला सहा महिने ठेवून उणे ४० ते अधिक ४९ अंश सेल्सिअस तापमानात छळलं. बर्फ, पाऊस, धुकं, सगळं अंगावर सोडलं. २०१८मध्ये विकासाच्या उड्डाण चाचण्या संपल्या, तेव्हा ९,२००हून अधिक उड्डाणं झाली होती.

मात्र एक घोडचूक झाली, तीही चाचण्यांबाबतच. चाचण्या पूर्ण व्हायच्या आतच उत्पादन सुरू केलं. पेपर तपासायच्या आधीच डिग्री वाटल्यासारखं. मग चाचणीत दोष सापडला की आधी बनलेली विमानं पुन्हा उघडून दुरुस्त करायची. अमेरिकी संरक्षण खात्याचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी फ्रँक केंडल यांनी २०१२मध्ये या निर्णयाची तुलना थेट डॉक्टरी हलगर्जीपणाशी होईल असे शब्द वापरले. पूर्ण वेगाने उत्पादनाला औपचारिक मंजुरी मिळाली मार्च २०२४मध्ये. तोवर हजाराच्या आसपास विमानं बनून बाहेर पडली होती!

हे सगळं मला, एका इंटर्नला, पुण्या-मुंबईत बसून कसं कळलं? तिथे १९८३पासून चाचण्यांवर देखरेख करणारं एक स्वतंत्र कार्यालय आहे. ते विमान बनवणाऱ्यांच्या हाताखाली नाही. त्याचा अहवाल संरक्षणमंत्र्यांना आणि संसदेला जातो आणि त्याचा बराच भाग कुणालाही वाचता येतो. नोव्हेंबर २०२०मध्ये एफ-३५च्या न सुटलेल्या उणिवा ८७१ होत्या, हा आकडा शत्रूने शोधलेला नाही. त्यांच्याच कार्यालयाने तो छापला होता.

याचा एक तोटाही आहे. ज्याच्या चुका छापून येतात, तोच मीम होतो. २०१५मध्ये एका चाचणी वैमानिकाचा अहवाल फुटला आणि 'जुन्या एफ-१६ने एफ-३५ला हरवलं' अशा हेडलाइन्स जगभर झळकल्या. खरं तर ती उड्डाण नियंत्रणाची मर्यादा तपासणारी चाचणी होती, कुस्ती नव्हती. विमानही सुरुवातीच्या चाचण्यांपैकी एक, पूर्ण सॉफ्टवेअर नसलेलं. वैमानिकाने काय खटकलं ते प्रामाणिकपणे लिहिलं आणि त्यावरून बाकीचे सुधारणा करायला लागले. चाचणीचा अहवाल यासाठीच तर असतो. आम्ही पत्रकारितेवाल्यांनी मात्र त्याची मॅच करून टाकली.

न दिसणाऱ्या चुका

आता रशिया. सुखोई-५७चा पहिला नमुना २९ जानेवारी २०१०ला उडाला. डिझाइनचा विचारच वेगळा. हवेतल्या कसरतींना महत्त्व जास्त, समोरून येणाऱ्या रडारपासून लपण्यावर भर, पण मागच्या बाजूला इंजिनांची गोल तोंडं उघडी. हा दोषच आहे असं नाही. आपल्या हवाई संरक्षणाच्या छत्रीखाली लढायचं ठरवलं तर असा सौदा पटू शकतो. प्रश्न पुढचा आहे. जून २०१४मध्ये एका नमुन्याला उतरल्यावर आग लागली. डिसेंबर २०१९मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलंच सीरियल विमान हवाई दलाच्या ताब्यात जाण्याआधी कोसळलं, वैमानिक इजेक्ट होऊन वाचला. कारण काय? रशियन वृत्तसंस्थांनी सूत्रांच्या हवाल्याने दिलेल्या बातम्या वाचायच्या आणि समाधान मानायचं.

इथे आपलाही संबंध होता. भारत या विमानाच्या एका आवृत्तीत भागीदार होता. प्राथमिक डिझाइनसाठी आपण २०१०च्या करारानुसार पैसेही मोजले आणि २०१८मध्ये बाहेर पडलो. इंजिन, स्टेल्थ आणि खर्च यांबद्दल हवाई दलाला शंका होत्या, असं तेव्हा वर्तमानपत्रांत येत राहिलं. त्या शंकांची उत्तरं आपल्याला मिळाली का, हे सामान्य करदात्याला आजही कुठे नीट वाचता येत नाही.

आणि चीन. जे-२०चं पहिलं उड्डाण ११ जानेवारी २०११ला झालं, तेही अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स बीजिंगमध्ये असताना. त्याआधी काही दिवस चेंगडूच्या धावपट्टीबाहेरून हौशी लोकांनी काढलेले फोटो जगाने बघितले होते. पुढची कित्येक वर्षं याच फोटोंवर अभ्यासक जगले. नवा नमुना आला की हवा घेण्याच्या तोंडाचा आकार बदलला का, शेपूट कापली का, हे झूम करून बघायचं. पुढच्या बाजूला छोटे पंख, लांबलचक शरीर, आत भरपूर इंधन आणि शस्त्रं. सुरुवातीला रशियन इंजिन, नंतर चिनी. नमुन्यामागून नमुना सुधारत त्यांनी २०१७मध्ये ते सेवेत आणलंसुद्धा.

म्हणजे पहिल्या उड्डाणापासून सहा वर्षांत! मग उघडपणाचा फायदा काय, असं कुणीही विचारेल. मी स्वतःलाही विचारलं. वेगाच्या बाबतीत चीनने सगळ्यांना मागे टाकलं, हे मान्यच करायला हवं. उघडपणामुळे विमान लवकर बनत नाही. अमेरिकेचा उघडपणाही काही पूर्ण नाही. एफ-११७ त्यांनी १९८८पर्यंत लपवूनच ठेवलं होतं. आणि मे २०२५मध्ये चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या त्याच कार्यालयातली माणसं संरक्षणमंत्र्यांच्या आदेशाने मोठ्या प्रमाणात कमी केली गेली.

पण जे-२०च्या उणिवांची यादी आपल्याला दिसत नाही, याचा अर्थ ती कोरी आहे असा होत नाही. रीलमध्ये मात्र तो तसाच घेतला जातो. एफ-३५च्या नावापुढे ८७१ आणि जे-२०च्या नावापुढे शून्य. ज्याने वही उघडी ठेवली त्याचे मार्क कापले, ज्याने लपवली तो टॉपर.

आपली वही

भारताच्या स्टेल्थ विमानाचं नाव ॲडव्हान्स्ड मिडियम कॉम्बॅट एअरक्राफ्ट, म्हणजे ॲम्का. वजन सुमारे २५ टन, इंजिनं दोन, शस्त्रं पोटात. मार्च २०२४मध्ये डिझाइन आणि नमुन्यांसाठी सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर झाले. पाच नमुने बनणार आहेत. मे २०२५मध्ये खासगी कंपन्यांनाही स्पर्धेत उतरता येईल अशी योजना संरक्षणमंत्र्यांनी मंजूर केली. सध्याच्या अंदाजानुसार पहिलं उड्डाण २०२८-२९च्या सुमारास आणि हवाई दलात प्रवेश २०३५च्या सुमारास. आज जो सेकंड इयरला आहे, तो तेव्हा तिशीच्या आसपास असेल.

आपला आधीचा अनुभव तेजसचा आहे. पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१, लढाईसाठी पूर्ण सज्जतेची मंजुरी फेब्रुवारी २०१९. या उशिराची यथेच्छ टिंगल झाली. पण एवढ्या वर्षांच्या चाचण्यांत एकही तेजस कोसळलं नाही. पहिला अपघात झाला मार्च २०२४मध्ये, जैसलमेरजवळ. नोव्हेंबर २०२५मध्ये दुबईच्या एअर शोत दुसरं तेजस कोसळलं आणि वैमानिकाचा जीव गेला. त्या संध्याकाळी माझ्या फीडमध्ये त्या व्हिडिओला गाणी लावलेल्या रील्स फिरत होत्या. काही पलीकडच्या देशातल्या होत्या, काही आपल्याच. केरळच्या मीम्सवर हसलेल्या मला त्या दिवशी मोबाइल बाजूला ठेवावासा वाटला.

तेजसची वही आपल्याकडेही एकदा उघडली गेली होती. २०१५मध्ये कॅगने अहवाल दिला आणि त्यात तेजसच्या पहिल्या आवृत्तीतल्या ५३ महत्त्वाच्या उणिवा मांडल्या. तेव्हा हेडलाइन्स फक्त '५३'च्या झाल्या. त्यातल्या किती नंतर दूर झाल्या, याचा पाठपुरावा फारच कमी जणांनी केला. मात्र पुढच्या एमके-१ए आवृत्तीत सुधारणा झाल्या आणि तिचं नाशिकजवळच्या ओझरमध्ये बनलेलं पहिलं विमान ऑक्टोबर २०२५मध्ये उडालं. सापडलेल्या चुकीतूनच विमान पुढे जातं, याचं उदाहरण शोधायला आपल्याला अमेरिकेला जायची गरज नाही.

म्हणून ॲम्काच्या बाबतीत तीन गोष्टी व्हायला हव्यात असं मला वाटतं.

पहिली, तपासणारा स्वतंत्र हवा. आज लष्करी विमानांना उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र देणारी सेमिलॅक ही संस्था डीआरडीओच्याच छत्राखाली आहे आणि चाचणी उड्डाणांचं राष्ट्रीय केंद्र विमान डिझाइन करणाऱ्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीचा भाग आहे. तिथल्या लोकांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. तेजसची ती अपघाताविना गेलेली वर्षं त्यांचीच कमाई आहे. पण आपला पेपर आपल्याच घरी तपासला जाऊ नये, हा साधा नियम आहे.

दुसरी, दरवर्षी संसदेपुढे एक अहवाल यावा. रडार क्रॉस सेक्शन सांगू नका, शोषक आवरणात काय घातलंय ते सांगू नका. किती उड्डाणं ठरली होती, किती झाली, किती दोष सापडले, त्यातले किती गंभीर, किती सुटले, एवढं सांगितल्याने कुठल्याही शत्रूचा फायदा होणार नाही.

तिसरी गोष्ट सरकारची नाही, आपली आहे. चाचणीत काही बिघडलं की 'फेल' असं थंबनेल करायचं नाही आणि नुसती प्रतिकृती मांडली की 'आता शत्रूची खैर नाही' म्हणून नाचायचंही नाही. पत्रकारितेचे विद्यार्थी म्हणून ही आमची जास्त जबाबदारी. अहवाल प्रसिद्ध करणाऱ्याला आपण दर वेळी झोडपत राहिलो, तर पुढच्या वेळी तो अहवाल प्रसिद्धच करणार नाही.

जर्नलमधलं रीडिंग

हे लिहिताना त्याच मेकॅनिकलवाल्या मित्राला फोन केला. म्हटलं, तुम्ही लोक तर हे लॅबमध्येच शिकत असाल. तो मोठ्याने हसला. म्हणाला, "अगं, आमचं रीडिंग चुकलं की आम्ही सीनियरचं जर्नल उघडतो. ग्राफ सरळ आला पाहिजे ना!"

आपण सगळ्यांनीच हे केलंय. सायन्सवाल्यांनी टायट्रेशनचं रीडिंग 'मॅनेज' केलंय, आम्ही मास कॉमवाल्यांनी सर्व्हेचे पन्नास फॉर्म हॉस्टेलच्या खोलीत बसून भरलेत. कारण वाकड्या ग्राफचे मार्क कापले जातात. ग्राफ वाकडा का आला, हे शोधून दोन ओळी लिहिणाऱ्याला शाबासकी देणारे सर किंवा मॅडम फार थोड्यांच्या नशिबी येतात. चार वर्षं हेच करून आपण बाहेर पडतो आणि मग एक दिवस कुणाच्या तरी हातात खऱ्या विमानाची चेकलिस्ट येते. तीन स्क्रू किंचित वर आलेले दिसतात. संध्याकाळचे सहा वाजलेत, उद्या मंत्री यायचेत. तेव्हा तो काय लिहील?

ॲम्का एफ-३५ला भारी पडेल की जे-२०ला, याचं उत्तर मला आज देता येणार नाही. ते पुढच्या दहा वर्षांतल्या अशा शेकडो संध्याकाळींवर ठरेल. त्या मित्राचं पुढच्या महिन्यात शेवटचं प्रॅक्टिकल आहे. या वेळी ग्राफ वाकडा आला तर तसाच ठेवणार, असं तो म्हणालाय. एक्स्टर्नल काय म्हणतात ते बघू.